बाटली भरलेलीच

डोंबिवलीत रात्री साडेआठला मी सासूबाईंच्या पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, कणकवलीच्या पुढे आमच्या घराच्या खळ्यात, तीच बाटली मी पिशवीतून बाहेर काढली. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

सोळा तास. भाद्रपदातला उकाडा, गाडीत सात माणसं, मांडीवर मखराचं सामान. मी आईंना पाच-सहा वेळा तरी विचारलं. उत्तर एकच, "माका तान लागाक नाय गो." मलाही लागत नव्हती. शेजारी बसलेल्या जावेला लागत नव्हती, तिच्या चौदा वर्षांच्या मुलीलाही नाही. पुढे बसलेल्या दोघा भावांनी, म्हणजे नवऱ्याने आणि दिराने, मात्र तेवढ्या वेळात पाण्याच्या सहा बाटल्या संपवल्या, वर दोन वेळा चहा. एकाच गाडीत दोन हवामानं नसतात. पुरुषांना तहान लागते आणि बायकांना लागत नाही, असं कुठल्याही शरीरशास्त्रात लिहिलेलं नाही.

घरी पोचल्यावर आई आधी मागीलदारी गेल्या, मग देवाकडे. आणि मग माजघरात बसून तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवलं. दुसरा तांब्या मागितला. तेव्हा मला लाज वाटली. या बाईला मी सोळा तास तहानलेली घेऊन आले होते आणि मला ते पूर्ण ठाऊक होतं.

आता जे लिहिते आहे ते आमच्याकडे चारचौघांत बोललं जात नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं तसंच राहिलं. मुंबई-गोवा महामार्गावर बाईला लघवीला जायला जागा नाही. जागा आहे तिथे दार नाही, दार आहे तिथे कडी नाही, कडी आहे तिथे पाणी नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या प्रदेशात ऐन भाद्रपदात स्वच्छतागृहाच्या दारावर 'पाणी नाही, बंद आहे' अशी खडूने लिहिलेली पाटी मी वाचली आहे. बाहेर पन्हाळीतून धो धो पाणी वाहत होतं.

आईंना रक्तदाब आहे. त्यांच्या सकाळच्या औषधांत एक लघवीची गोळी आहे. निघायच्या दिवशी ती त्यांनी घेतली नाही. पोचलो त्या सकाळीही नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, मुलाला सांगितलं नाही. गोळी पाकिटात तशीच राहिलेली मी पाहिली, म्हणून मला कळलं. माझ्या पुतणीची तारीख नेमकी त्या आठवड्यातली. तिच्या आईने तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या होत्या. मी जावेला विचारलं, देवाचं म्हणून का? ती म्हणाली, देवाचं नंतर, गाडीत बदलणार कुठे? एकीने गोळी टाळायची आणि एकीने गोळी घ्यायची. घरी जायच्या वाटेवर हा औषधोपचार रस्ता ठरवतो.

बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून जंतुसंसर्ग त्यांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. पाणी कमी प्यायलं, लघवी रोखून धरली, की धोका आणखी वाढतो. हे कुठल्याही दवाखान्यातली नर्स सांगेल. गणपतीनंतर परतलेल्या माझ्या किती मैत्रिणी त्या पंधरवड्यात अँटिबायोटिक घेतात, ते आम्हाला आपापसांत माहीत असतं. घरातल्या पुरुषांना 'जरा ताप होता' एवढंच कळतं.

पुरुषांवर माझा राग नाही. नवऱ्याला गरज पडली, त्याने गाडी बाजूला घेतली, रस्त्याकडे पाठ केली, दोन मिनिटांत परत आला. नागोठण्याच्या पुढे एकदा, पोलादपूरच्या अलीकडे एकदा, संगमेश्वराच्या आसपास एकदा. दर वेळी त्याने मनापासून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला जायचंय?" कुठे जायचं? एका बाजूला डोंगर कापलेला, दुसऱ्या बाजूला पत्रे लावलेलं बांधकाम, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे थेट अंगावर. काळोखात पावसाळी रान, त्यात पायाखाली काय असेल ते दिसत नाही. त्याचा प्रश्न चांगुलपणाचा होता, पण त्याला उत्तर देता येईल अशी जागा कुणी बांधलेली नव्हती.

मग आम्ही बायका काय करतो? हॉटेल शोधतो. रात्री अडीच वाजता एका हॉटेलात आम्ही चौघी उतरलो. 'लेडीज' लिहिलेल्या दाराला कुलूप. किल्ली गल्ल्यावर. गल्ल्यावरच्या माणसाने आधी विचारलं, काय घेणार? चार चहा सांगितले, तेव्हा किल्ली मिळाली. लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली किल्ली हातात घेऊन, रांगेने बसलेल्या चाळीसेक पुरुषांसमोरून चालत जायचं. आत दिवा नव्हता. आईंचे गुडघे गेलेत, त्यांना उकिडवं बसता येत नाही, आणि तिथे कमोड नव्हता. त्या तशाच बाहेर आल्या. "नको, माका तशी घाई नाय." चहा आम्ही टाकून दिला, कारण प्यायलो असतो तर पुढे पुन्हा तोच प्रश्न आला असता.

या रस्त्याचा इतिहास मराठी माणसाला तोंडपाठ आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा, चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावीला पोचायला आली. खड्ड्यांवर मोर्चे निघाले, उपोषणं झाली, न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांनी पाहणी दौरे केले, तारखा दिल्या. परशुराम घाटात दरड आली की बातमी होते. माणगावला कोंडी झाली की बातमी होते. व्हायलाच हवी. पण इतक्या वर्षांत एकाही पाहणी दौऱ्यात कुणी गाडीतून उतरून विचारलं का, की इथून जाणारी बाई लघवीला कुठे जाते? माझ्या तरी वाचनात ते कधी आलं नाही. खड्डा फोटोत दिसतो. रोखून धरलेली लघवी फोटोत दिसत नाही.

आणि करायचं ठरवलं की होतं, हे याच रस्त्याने दाखवलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं नदीत गेली. त्या रात्री अख्खं कोकण जागं होतं. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधला, २०१७ च्या जूनमध्ये तो वाहतुकीला खुला झाला. कशेडीच्या डोंगरातून दोन किलोमीटरचा बोगदा झाला, घाटातली नागमोडी पाऊण तासाची वाट काही मिनिटांवर आली. डोंगर पोखरता येतो, नदीवर पाच-सहा महिन्यांत पूल घालता येतो. मग चार भिंती, एक नळ आणि आतून लागणारी कडी एवढी अवघड का ठरावी?

अलीकडे गणपतीच्या दिवसांत महामार्गावर सुविधा केंद्रं उभी राहतात. मांडव, चहा, प्रथमोपचार, गाडी दुरुस्त करणारा माणूस, कुठे बाळाला पाजायला आडोसा, कुठे फिरती शौचालयं. ज्याला हे सुचलं त्याचे मी आभार मानते. मागल्या वर्षी अशाच एका मांडवात एका मुलीने आईंना हात धरून आत नेलं, बाहेर उभी राहिली, हात धुवायला पाणी दिलं. ती कोण होती ते मला माहीत नाही, पण आई अजून तिचं नाव काढतात, म्हणजे 'ती निळ्या ओढणीवाली' असं म्हणतात. पण विसर्जन झालं की मांडव उतरतो. शिमग्याला आम्ही जातो तेव्हा तो नसतो. मे महिन्यात नसतो. गावात कुणी गेलं म्हणून रात्री तडक निघतो, तेव्हा तर नसतोच. शरीर पंचांग बघून चालत नाही.

२०११ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी मुंबईत 'राईट टू पी' मोहीम सुरू झाली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांनी ती चालवली. त्यांनी साधी गोष्ट सांगितली : सार्वजनिक मुतारीत पुरुषाला पैसे पडत नाहीत, बाईला मात्र तेवढ्याच कामाचे पैसे मोजावे लागतात. हे शब्द सभेत उच्चारायला त्यांना केवढं धैर्य लागलं असेल! पुढे 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने पुण्यातल्या स्वच्छतागृहांच्या प्रश्नावर याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की घराबाहेर पडलेल्या बाईला स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा तिच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ते देणं महापालिकांचं कर्तव्य आहे. मराठी बायकांच्या मासिकाने मिळवलेला हा निकाल आहे. त्याचा मला अभिमान आहे.

पण तो निकाल महापालिकांना बांधतो. पनवेल सोडलं, की थेट गोव्याच्या सीमेपर्यंत या रस्त्यावर एकही महापालिका नाही. पेण, महाड, खेड, चिपळूण, राजापूर इथे नगरपरिषदा, माणगाव, लांजा, कणकवली, कुडाळ इथे नगरपंचायती, बाकी बहुतेक ग्रामपंचायती. आणि आता बाह्यवळण आणि उड्डाणपूल झाल्यामुळे गाडी गावात शिरतच नाही. पूर्वी बाजारपेठेतून जाताना ओळखीचं दुकान असायचं, एसटी स्थानक असायचं, एखादी मावशी "ये गो, आत जा" म्हणायची. नव्या रस्त्याने गाव बाजूला टाकलं, त्यासोबत ती मावशीही गेली. तिच्या जागी काय ठेवलं? दुभाजक आणि वेगमर्यादेची पाटी.

समृद्धी महामार्गाचंही तेच झालं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटरचा भाग सुरू झाला, तेव्हा डांबर-काँक्रीट तयार होतं, इंधनाचे पंप होते, आणि माणसाला उतरून मोकळं व्हायला जागा शोधावी लागत होती. सोयी मागाहून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, ९४ किलोमीटरच्या अंतरात, फूड मॉलपाशी बाई निश्चिंतपणे उतरू शकते. तिथे विक्री आहे, म्हणून सोय आहे. आमच्या रस्त्यावर लांजा-राजापूरच्या मध्ये तेवढा धंदा नाही, म्हणून सोय नाही. बाईची गरज खप पाहून भागवायची असेल, तर सरकार कशासाठी आहे?

पेट्रोल पंप आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत. गाड्यांना हवा, माणसांना पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह, हे पंपावर असायलाच हवं, तसे तेलकंपन्यांचे नियम आहेत. काही पंपांवर खरोखर चांगली व्यवस्था असते आणि त्या पंपांची नावं बायका एकमेकींना सांगतात. बाकीच्या ठिकाणी मागच्या बाजूला, टायरच्या ढिगाऱ्यापलीकडे, एक दार असतं. रात्री तिथे एकटीने जायची छाती होत नाही. सोबत दुसरी हवी, तिच्या हातात मोबाइलचा उजेड हवा, आणि तिसरीने बाहेरून दार धरायला हवं. एकट्या बाईने या रस्त्याने जावं, असं गृहीतच धरलेलं नाही.

आणि बाई तर जाते आहे! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. गावोगावच्या बायका माहेरी जाऊ लागल्या, देवदर्शनाला जाऊ लागल्या, मुंबईतल्या मुलीच्या बाळंतपणाला एकट्या येऊ लागल्या. हा निर्णय मला मनापासून आवडला. पण घराबाहेर पडलेल्या बाईने वाटेत कुठे थांबायचं, याचाही विचार त्याच कागदावर व्हायला हवा होता. तिकीट निम्मं झालं म्हणून वाटेतले तास निम्मे होत नाहीत.

आमच्या गावात घरोघर संडास आहे. २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावाने श्रमदान केलं. आईंनी स्वतः चिरे वाहिलेत. हागणदारीमुक्त गावाची पाटी वेशीवर आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या घरामागे जे उभं केलं, ते राष्ट्रीय महामार्गाला शेकडो किलोमीटरमध्ये जमलेलं नाही.

काय हवं, ते मी सांगते, कारण आराखडा काढणाऱ्या टेबलाशी बहुधा माझ्यासारखी कुणी बसलेली नसते. दर पंचवीस-तीस किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना, कारण दुभाजक ओलांडून कुणी पलीकडे जाऊ शकत नाही. रात्रभर दिवा. चोवीस तास एक बाई तिथे कामाला, तिला नीट पगार. एक तरी कमोड आणि त्याच्या बाजूला धरायला दांडा. पिशवी अडकवायला खिळा, कारण ओल्या फरशीवर पर्स ठेवता येत नाही. हे खिळ्याचं तर कुणाच्याच डोक्यात येत नाही. पॅड टाकायला झाकणाचा डबा. आणि पाच किलोमीटर आधी पाटी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ठरवता येईल, थांबायचं की दम धरायचा. चालवायला महिला बचत गट आहेत. कोकणातले बचत गट कोकम सरबत, कुळथाचं पीठ, फणसपोळी विकायला जत्रेत उन्हात बसतात. त्यांना महामार्गावर गाळा द्या, शेजारचं स्वच्छतागृह त्यांच्या ताब्यात द्या. ज्या बाईला स्वतःला आत जायचं असतं, ती ते स्वच्छ ठेवते.

गौरीच्या दिवशी आम्ही तेरड्याची रोपं घेऊन येतो, दारात तिच्या पायांवर दूध-पाणी घालतो, तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो. माहेरवाशीण लांबून, दमून आली आहे, म्हणून आधी पाणी. यंदा जावेच्या मोठ्या सुनेचा ओवसा आहे. लग्नानंतरची तिची पहिली गौर, तिला सातवा महिना आहे. सातव्या महिन्यात दर तासाला जावं लागतं, हे ज्या बाईने मूल जन्माला घातलं आहे तिला सांगायला नको. ती येणार आहे याच रस्त्याने.

आणि आई येणार नाहीत, असं म्हणाल्या.

जून संपत आला तेव्हा नवऱ्याने गाडीचं ठरवायला घेतलं. आई शांतपणे म्हणाल्या, "यंदा माझ्यान होवचा नाय. तुमी जावा." लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांचा एकही गणपती चुकलेला नाही. मुलांना वाटलं गुडघे. धाकट्या दिराने गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली, नवऱ्याने मधली सीट काढून गादी घालायचं ठरवलं. रेल्वे बघितली, गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण मिनिटांत संपलं होतं. रात्री भांडी आवरताना त्यांनी मला एकटीला खरं सांगितलं. मागल्या वर्षी खारेपाटणच्या अलीकडे, गाडी कोंडीत अडकलेली असताना, त्यांना धरवलं नव्हतं. साडीवर त्यांनी बाटलीतलं नव्हे, बाहेर हात काढून पावसाचं पाणी घेतलं, आणि खिडकीतून भिजले म्हणाल्या. मी शेजारी बसले होते. मी खिडकी लावून घेतली होती आणि त्यांना टॉवेल दिला होता. मला कळलं नाही.

त्या रात्रीपासून मी एक वही केली आहे. ओळखीतल्या बायकांना फोन करते. जाऊ, तिची बहीण, ऑफिसातली कुडाळची मैत्रीण, आमच्या गावाहून दर महिन्याला मुंबईला येणारी नर्स. प्रत्येकीला दोन-दोन जागा माहीत आहेत. लोणेऱ्याच्या पुढे डाव्या हाताला पंप, खेडच्या अलीकडे एक खाणावळ जिथे मालकीण स्वतः बसते, सावर्ड्याला एका देवळाच्या मागे, हातखंब्याला, तळेऱ्याला. सात जागा झाल्या. कुठे कमोड आहे, कुठे रात्री उघडं असतं, कुठे पाणी बाहेरून न्यावं लागतं, सगळं लिहिलं.

काल संध्याकाळी आईंसमोर ती वही वाचली. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. सात नावं परत एकदा म्हणून दाखव म्हणाल्या. मी म्हटली. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दाराक कडी आसा मां?"

सातांपैकी तीन जागांचं मी ते विचारलंच नव्हतं. आज रात्री फोन करते आहे.